तेवीस नंबरचा तारा

बजरंगची जीप माझ्या दारात आली तेव्हा त्या अपघाताला छत्तीस दिवस झाले होते. एक मुलगी गेली होती. बाकीच्या पोरांना खरचटण्यापलीकडं फारसं लागलं नव्हतं, आणि जीपला तर तेवढंही नाही. डाव्या अंगाचा पत्रा चेपला होता आणि मागची फळी निखळली होती, एवढंच.

नव्याण्णव सालचा फेब्रुवारी. रविवार होता. बजरंग जीपमधून उतरला आणि दाराशीच उभा राहिला. अहमदपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला हा माणूस. शेत भावाच्या हवाली करून त्यानं गेल्या जूनमध्ये नांदेडहून ही जुनी जीप आणली होती. त्या वर्षांत लातूरला ज्याच्याकडं दोन खोल्या होत्या त्यानं आठ खाटा टाकल्या होत्या, आणि प्रत्येक खाटेवर कुठल्या ना कुठल्या तालुक्याचं पोर फिजिक्स घोकत पडलेलं असायचं. ज्यांना खाट परवडत नव्हती अशी अहमदपूरची दहा पोरं दर शनिवारी-रविवारी बजरंगच्या जीपमधून शिकवणीला यायची. त्यात त्याची स्वतःची मुलगी ऋतुजाही होती. बारावीला.

ती त्याच्यामागून उतरली. बापानं "पाणी पिणार का" विचारलं तर तिनं माझ्याकडं बघून "नको" म्हटलं. पुढच्या दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की ही मुलगी बापाशी बोलत नाही.

"मास्तर, तुमचा तारा बघून घेतली व्हती मी ही," बजरंग म्हणाला.

या ताऱ्याबद्दल सांगायला हवं. मी पंचवीस वर्षं तंत्रशाळेत मोटारीचं काम शिकवलं. आमच्याकडं शिरस्ता असा, की मुलानं जॉब, म्हणजे दिलेलं काम, पुरा केला की त्यावर सेंटर पंचच्या टोच्यानं स्वतःचा हजेरी नंबर ठोकायचा आणि माझ्यासमोर आणून ठेवायचा. पास असेल तर मी नंबराच्या शेजारी पाच ठिपक्यांचा छोटा तारा ठोकायचो. नापास असेल तर काहीच नाही, तो पुन्हा करायचा. ताऱ्यासाठी मुलं रडायची. मुलं मोठी झाली, लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर गॅरेजं टाकून बसली, आणि त्यांच्या तोंडून हा तारा गिऱ्हाइकांपर्यंत गेला. निवृत्तीनंतर माझ्या अंगणात दुरुस्त झालेल्या कामावरही मी तो ठोकायचो. ताहेर मास्तरचा तारा असला की काम सरळ, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं.

नांदेडच्या जुन्या गाड्यांच्या दलालानं बजरंगला जीपखाली वाकायला लावलं होतं. चेसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, जाड काळा रंग होता. त्यानं रुपयाएवढी जागा चिंधीनं साफ करून तारा दाखवला होता. बजरंगनं मग दुसरं काही पाहिलं नाही.

पण नांदेडहून सवाऱ्या भरून परतताना लोह्याच्या अलीकडंच गाडी काहीतरी वेगळं बोलायला लागली. सरळ रस्त्यावर मागचा भाग उगाच एका बाजूला ओढ घ्यायचा. त्यानं आधी मागचे दोन्ही शॉकअप बदलले. मग टायर पुढचे मागं, मागचे पुढं केले. मग मागच्या कमानपाट्यांचे बुश बदलले. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटायचं, आणि पुन्हा तेच. जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, पहाटे सहाच्या सुमारास, चाकूरच्या अलीकडं एका नाल्याच्या पुलापाशी म्हैस आडवी आली. बजरंगनं ब्रेक दाबला. जीपचं शेपूट डावीकडं गेलं, तोंड उजवीकडं. तो सावरायला गेला तशी ती आणखी फिरली आणि मागचा डावा कोपरा पुलाच्या कठड्यावर बसला. त्या कोपऱ्यात सुमय्या बसली होती. अहमदपूरला शिवणकाम करणाऱ्या सुलतानबीची एकुलती एक मुलगी.

पोलिसांकडून जीप सुटून आल्यावर बजरंगनं हमरस्त्यावरच्या दोन मिस्त्र्यांना दाखवली. ब्रेक ठीक, स्टेअरिंग ठीक, पाटे ठीक. म्हणजे गाडी ठीक. गावानं उरलेलं स्वतःच जुळवलं. आदल्या रात्री बजरंग एका लग्नाचं वऱ्हाड धर्माबादला पोचवून तीनला परतला होता आणि साडेचारला पोरं घ्यायला निघाला होता. डोळा लागला, म्हणाले सगळे. ऋतुजा त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर होती, पण ती स्वतः झोपेत होती. जीप आडवी झाल्यावरच जागी झाली. म्हैस तिनं पाहिलीच नव्हती.

हे सगळं त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. शेवटी म्हणाला, "मास्तर, खराबी निघाली न्हाई तरी चालंल. पर खरं काय ते सांगा. छत्तीस दिस झालं, समदे म्हणायलेत डोळा लागला. आता मलाच वाटायलंय की लागला असंल."

"हिला का आणलीस?" मी विचारलं.

"मी सांगून तिला पटत न्हाई. तिच्या डोळ्यानं बघू द्या."

ऋतुजा अंगणातल्या फळ्याकडं बघत होती. शिकवणी परवडत नाही अशी गल्लीतली काही मुलं संध्याकाळी माझ्याकडं येतात, त्यांच्यासाठी तो लावलाय. आदल्या दिवशीची तरफेची आकृती अजून तशीच होती. मी तिला वही-पेन्सिल दिली. म्हटलं, बेटा, मी मोजतो, तू लिही. आणि जे दिसेल तेच लिही. काय असावं ते नको.

पहिलं काम विचारायचं. मुलांना मी नेहमी सांगतो, की गाडी आजारी माणसासारखी, आधी तिला बोलू द्यावं. आवाज येतो तिथंच दुखणं असतं असं नाही. कधी ओढते? सरळ रस्त्यावर की वळणावर? ब्रेकवर की गती घेताना? बजरंग म्हणाला, ब्रेकवर शेपूट डावीकडं जातं, आणि पुन्हा गती दिली की ठिकाणावर येतं. मी विचारलं, नेहमीच? तो म्हणाला, न्हाई, कधी कधी. कधी ते त्याला सांगता येईना. ऋतुजानं तेही लिहिलं. "कधी कधी" या शब्दाखाली तिनं रेघ मारली. तेव्हा मला ती मुलगी आवडली.

मग आम्ही तपासायला लागलो. मागचा एकेक कोपरा मी अंगभार देऊन दाबला आणि सोडला. एकदा वर येऊन थांबला. म्हणजे शॉकअप चांगले. पाट्यांच्या थप्प्या मोजल्या, एकही पान तुटलेलं नव्हतं. पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट पान्यानं तपासले. घट्ट. बुशात पहार घालून हलवून पाहिलं. नवे होते, हलले नाहीत. पाटे चेसीला धरणारी ब्रॅकेटंही घट्ट होती. मागच्या डाव्या टायरवर तिला हात फिरवायला लावला. एका दिशेनं हात गुळगुळीत गेला, उलट फिरवल्यावर रबराच्या कडा बोटांना खरखरल्या. मी तिला समजावलं, की चाक सरळ फिरत असेल तर असं होत नाही. हे चाक थोडं तिरकं, घासत चालत होतं. दोन्हीकडचं अंतर मोजूया.

सुतळीनं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत उजवीकडं मोजलं, मग डावीकडं. फरक एका सुताचाही नव्हता. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा ऋतुजानं स्वतः मोजलं. सारखंच.

बजरंग उकिडवा बसला होता. तो उठला नाही. म्हणाला, "म्हंजे डोळाच लागला."

मला वाटलं, टायरवरची ती खरखर जुन्या मालकाच्या वेळची असेल. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं होतं. तारा असलेली गाडी सरळ निघाली होती.

ऋतुजा वहीकडं बघत होती. 'कधी कधी'खालच्या रेघेवर पेन्सिल ठेवून म्हणाली, "सर, आपण रिकामी गाडी मोजली."

"मग?"

"त्या दिवशी ती रिकामी नव्हती. 'कधी कधी' म्हणजे भरलेली असतानाच असेल. बाजाराच्या दिवशी एकटे जातात तेव्हा घरी येऊन कधी तक्रार करत नाहीत." बापाचं नाव न घेता, बापाकडं न बघता ती हे म्हणाली.

बजरंगनं मान वर केली. थोडा विचार करून म्हणाला, "हाव. रिकामी असली की न्हाई ओढत."

पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. दोन्ही मिस्त्र्यांनाही नाही. आम्ही सगळेच अंगणात उभी असलेली रिकामी गाडी मोजणारे.

आमच्या गल्लीत तेव्हा तीन वसतिगृहांची बांधकामं चालू होती, त्यामुळं वाळूला तोटा नव्हता. शेजारच्या मुकादमाला विचारून आम्ही खताच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरली. मी म्हटलं, दहा पोती, प्रत्येकी चाळीस-पंचेचाळीस किलो. ठेवायची कशी ते ऋतुजानं ठरवलं. पुढं दोन, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर चार आणि चार. पोतं उचलून बाप बाकावर ठेवायचा आणि ती ते हातानं थोडं इकडं-तिकडं सरकवायची. कोण कुठं बसत होतं ते ती मनात धरून होती, हे मला तेव्हा कळलं. शेवटचं पोतं मागच्या डाव्या कोपऱ्याचं. ते उचलण्याआधी तिनं त्यातली चार-पाच ओंजळी वाळू काढून खाली टाकली.

"एवढी नव्हती ती," म्हणाली. "अडतीस किलो."

बजरंगनं ते पोतं दोन्ही हातांनी उचललं आणि जागेवर ठेवलं. मग टोपीनं तोंड पुसत जीपच्या पलीकडं गेला.

गल्लीच्या तोंडाशी मैदान आहे. तिथं मी शंभर पावलांची सरळ पट्टी चुन्याच्या भुकटीनं पांढरी केली. दोन्ही बाजूंची चाकं भुकटीतून जातील इतकी रुंद. बजरंगला सांगितलं, पुढचं चाक रेषेत धर, वेग बैलगाडीपेक्षा थोडा जास्त, आणि मी हात खाली केला की ब्रेक. त्या दिवसापासून त्यानं भरलेली गाडी चालवली नव्हती. चावी फिरवण्याआधी त्यानं मागं वळून पोत्यांकडं बघितलं. ऋतुजा पट्टीच्या शेजारी उभी राहिली.

जीप आली. मी हात खाली केला.

धूळ बसल्यावर आम्ही तिघं माग बघत चालत गेलो. पहिली साठ पावलं दोनच रेघा होत्या. मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागातूनच गेली होती. जिथं ब्रेक लागला तिथं रेघा दोनाच्या चार झाल्या. मागच्या चाकांचे माग डावीकडं सरकत गेले होते, शेवटी चार बोटं. गाडी थांबली तिथं तिचं तोंड उजवीकडं वळलेलं होतं. एवढ्या कमी वेगात.

ऋतुजा खाली बसली आणि दोन मागांमधल्या जागेवर तिनं बोटं ठेवली. चार बोटं. वहीत काही लिहिलं नाही.

आता दुखणं कुठं आहे ते मला कळलं होतं. ब्रेक लागला की चाक मागं राहू पाहतं आणि गाडी पुढं जाऊ पाहते. ही ओढ पाट्याच्या पुढच्या टोकावर येते, जिथं पाटा ब्रॅकेटनं चेसीला धरलेला असतो. डावीकडचं ब्रॅकेट जागा सोडत असलं, तर डावं चाक मागं सरकणार, ॲक्सल तिरका होणार, आणि मागची चाकं गाडीला डावीकडं नेणार. रिकामी असली की ओढ कमी, तेव्हा ते जागेवर बसून राहतं. मी हे मातीत काडीनं काढून ऋतुजाला दाखवलं. तिनं विचारलं, पण ब्रॅकेट तर घट्ट होतं? मी म्हटलं, ब्रॅकेट घट्ट आहे बेटा, ते ज्याला धरलंय ते बघू.

पोती तशीच ठेवून जीप अंगणात आणली आणि मी खाली शिरलो. ऋतुजा टॉर्च घेऊन शेजारी. ब्रॅकेटच्या वरच, काळ्या रंगातल्या त्या रुपयाएवढ्या साफ जागेत, माझा तारा होता. मी पत्र्याच्या तुकड्यानं आजूबाजूचा रंग खरवडायला लागलो. रंगाखाली एक जोडपट्टी निघाली, वीतभर लांब, चेसीवर वेल्डिंग केलेली. पट्टीच्या खालच्या कडेला वेल्डिंग आणि चेसी यांच्यामध्ये फट होती. मी हॅक्सॉची पाती लावली. ती आत गेली.

आत पाहिलं तर फटीचा बराचसा भाग तांबडा होता, गंजलेला. टोकाची दोन बोटं मात्र चकाकत होती.

"यावरून काय कळतं?" मी सवयीनं विचारलं.

"चकाकतं ते नवीन तुटलं," ती म्हणाली. "अपघातात. तांबडं आधीचं."

"किती आधीचं?"

"वर्ष-दोन वर्षं? आम्ही घ्यायच्या आधीचं."

मग टॉर्चचा प्रकाश फटीवरून ढळला. मी तिच्याकडं पाहिलं नाही. बाहेर तिचा बाप जीपच्या चाकाला हात लावून उभा होता, त्याच्या चपला आम्हाला दिसत होत्या. ती त्या चपलांकडं बघत होती.

मी पुढं खरवडत गेलो. थांबायला हवं होतं, काम झालं होतं. पण नंबर बघितल्याशिवाय तारा अर्धाच असतो. ताऱ्याच्या डाव्या बाजूचा रंग निघाला आणि खाली दोन आकडे दिसले. तेवीस.

तंत्रशाळेत तेवीस नंबरची मुलं कितीतरी झाली असतील. पण चेसीवर, अशा पट्टीवर, तेवीस नंबर एकच. वीरण्णा.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही वेल्डिंगचं मशीन आणि जनरेटर घेऊन किल्लारीच्या बाजूला गेलो होतो. मी आणि शेवटच्या वर्षाची सोळा मुलं. पाण्याच्या टाक्या जोडायच्या, दबलेल्या पत्र्यांखालून वाटा काढायच्या, जे चालू होईल ते वाहन चालू करायचं. एका गावात दगडी भिंतीखालून एक जीप ओढून काढली होती. इंजिन चालत होतं, पण मागची डावी चेसी वाकली होती आणि चिरली होती. दवाखान्याच्या तंबूला पाणी न्यायला गाडी नव्हती. ही चालली तर दहा-बारा दिवस भागेल, असं तिथले लोक म्हणाले.

वीरण्णा त्याच भागातला. त्याची आई आणि दोन बहिणी गेल्या होत्या. त्यांना अग्नी देऊन तो चौथ्या दिवशी आमच्याकडं आला आणि न बोलता हत्यारं उचलायला लागला. बस म्हटलं तर बसेना. ही पट्टी त्यानं लावली. हात थरथरत होता. वेल्डिंग वरवर बसलं, आत उतरलं नाही. वरून मात्र छान दिसत होतं, ओळीनं, माशाच्या खवल्यासारखं. मी जवळ जाऊन बघितलं आणि मला ते कळलं. पुन्हा करायला लावायला हवं होतं. जनरेटरला तेल थोडं होतं, हे खरं. पण पुन्हा करायला लावलं नाही, ते तेलामुळं नव्हे. त्यानं नंबर ठोकला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मास्तर, पास?" चार दिवसांत तो पहिल्यांदा बोलला होता.

मी तारा ठोकला. मनाशी म्हटलं, दहा दिवसांनी जीप लातूरला मागवून नीट करू. दहा दिवसांनी आम्ही दुसऱ्या गावात होतो. जीप कुणाची, कुठं गेली, मी विचारलं नाही. पुढं ती कुणीतरी विकली, कुणीतरी काळा रंग फासला, आणि ती नांदेडच्या दलालाकडं तारा दाखवत उभी राहिली.

मी जीपखालून बाहेर आलो. कपडे झटकले. बजरंगला सांगितलं, तुझा डोळा लागला नव्हता. पट्टी तुटलेली होती, आधीपासून. भरलेली गाडी आणि जोराचा ब्रेक, कोणीही चालवत असतं तरी हेच झालं असतं.

मुलीकडं त्यानं पाहिलं नाही. पायरीवर जाऊन बसला.

ऋतुजा माझ्यामागून बाहेर आली होती. तिच्या गालावर काळा रंग लागला होता. तिनं विचारलं, "सर, तेवीस नंबर कोण?"

वीरण्णाचं आता सोलापूरला स्वतःचं दुकान आहे. दोन मुलं आहेत. दर ईदला त्याचं पत्र येतं.

"नंबर एका शिकणाऱ्या पोराचा आहे," मी म्हटलं. "तारा माझा. वेल्डिंग कच्चं आहे हे मला त्याच दिवशी माहीत होतं. पोराचं घर बुडालं होतं. मी पोराला पास केलं, आणि शिक्का लोखंडावर बसला."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती छत्तीस दिवस तिच्या बापानं सहन केलेली नजर होती.

बजरंग पायरीवरून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. कुणाला कळायची गरज न्हाई. खराबी निघाली, बास झालं. पट्टी कापून टाकू."

"पट्टी कापली तर तुझ्याकडं दाखवायला काय उरेल?"

"तुमचं नाव..."

"सुमय्याच्या आईला कळायची गरज आहे," ऋतुजा म्हणाली.

मी दोन पानांवर सगळं लिहून काढलं, मोजमापांसकट, भूकंपाच्या त्या दिवसासकट. वीरण्णाचं नाव घातलं नाही. शेवटी सही केली. ठाण्यात द्यायची प्रत बजरंगकडं दिली. ते दोघं रात्री माझ्याकडंच राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं एस.टी.नं अहमदपूरला गेलो. जीप माझ्या अंगणातच राहिली, पोत्यांसकट. पोती उतरवायला कुणी हात लावला नव्हता.

सुलतानबीचं घर बाजारामागच्या गल्लीत. एक खोली, दारापाशी शिलाई मशीन. सुमय्याचा चाळीसावा गुरुवारी होता, त्याच्या तयारीचे तांदूळ कोपऱ्यात ठेवलेले. बजरंगला दारात बघून ती उठली आणि पदर ओढून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. मी सलाम केला, नाव सांगितलं, आणि खाली बसून सगळं बोललो. काही राखून ठेवलं नाही. बोलायला जेवढा वेळ लागेल असं वाटलं होतं त्याहून फार कमी लागला.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, की मला कच्चं आहे ते कळलं होतं ना. मी हो म्हटलं.

मग ती वळली. बजरंगकडं बघून म्हणाली, "भाई, आत या. उन्हात नका उभं राहू." तो आला, भिंतीला टेकून बसला, आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्यासमोर बसली.

"मास्तरसाब, सदतीस दिवस मी या माणसाला बद्दुआ दिली. पाच वक्त. नमाजाला बसले की आधी ती यायची, मग बाकी. आता तुम्ही म्हणता, हा नाही, मी." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "एवढी पुन्हा कुठून आणू मी? दिली ती संपली."

मी म्हटलं, आणू नका असं म्हणायला मी आलो नाही.

ती उठली, मशीनच्या खणातून एक कागद काढून आणला आणि माझ्या हातात दिला. बारावीच्या परीक्षेचं प्रवेशपत्र. मागच्या आठवड्यात कॉलेजातून कुणीतरी आणून दिलं होतं. फोटोतली मुलगी कॅमेऱ्याकडं न बघता थोडी बाजूला बघत होती. पहिला पेपर पंचवीस तारखेला.

"तुम्ही बच्च्यांना शिकवता. मला सांगा, याचं काय करायचं असतं?"

मी कागद हातात धरून बसलो. ऋतुजानं हळूच माझ्या हातातून तो घेतला, घडीवरच घडी पाडली, आणि सुलतानबीच्या हातात परत दिला. म्हणाली, "मावशी, ठेवा." सुलतानबीनं तो खणात ठेवला आणि आम्हाला निघायला सांगितलं. मी उठताना ती म्हणाली, "गुरुवारी तुम्ही येऊ नका." बजरंगला तसं काही म्हणाली नाही.

एस.टी. स्टँडवर लातूरची गाडी यायला वेळ होता; त्या दोघांना वाटेत त्यांच्या गावाच्या फाट्यावर उतरायचं होतं. बजरंगनं तीन चहा आणले. बाकड्यावर आम्ही ओळीनं बसलो, बजरंग, मग ऋतुजा, मग मी. समोरच्या भिंतीवर लातूरच्या एका शिकवणीचा बोर्ड होता, गेल्या वर्षी नंबर आलेल्या मुलांचे फोटो, खाली टक्के. बजरंग त्या फोटोंकडं बघत होता. चहा त्यानं हातात धरला होता, पीत नव्हता.

ऋतुजाच्या नखांत अजून काळा रंग होता.

"अप्पा," ती म्हणाली, "च्या थंड व्हायलाय."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग एका दमात तो चहा प्याला. पिऊन झाल्यावर रिकामा ग्लास तसाच हातात धरून बसला.

माझा ग्लास बाकड्यावर होता. गाडी लागली तेव्हा ऋतुजा बापाच्या मागोमाग चढली. मला जागा धरायला ती विसरली असेल, किंवा नसेलही. मी मागं, शेवटच्या बाकावर, डाव्या कोपऱ्यात बसलो.